एक्स्चेंज डेटाबेस बिघडला: बॅकअप लावायचा की '/पी' चालवायचा?

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरचा डेटाबेस माउंट होईना, म्हणजे वापरासाठी सुरू होईना, की हात लगेच 'ईएसईयुटिल /पी'कडे, म्हणजे डेटाबेस सक्तीने दुरुस्त करणाऱ्या कमांडकडे जातो. थांबा. आधी 'ईएसईयुटिल /एमएच' चालवा; ती डेटाबेसची स्थिती दाखवते. 'डर्टी शटडाउन' (डेटाबेस नीट बंद झालेला नाही) दिसलं तर 'लॉग रिक्वायर्ड'समोरचे क्रमांक बघा. त्या क्रमांकांच्या लॉग फाइल (बदलांच्या नोंदी) शाबूत असतील तर बहुतेकदा '/आर'नेच, म्हणजे त्या नोंदी डेटाबेसवर पुन्हा लावूनच, काम भागतं.

ईडीबी फाइलच (डेटाबेसची मूळ फाइल) खराब असेल, तर खरी निवड सुरू होते. चालणारा बॅकअप हाताशी असेल तर माझं मत त्यालाच. बॅकअपनंतरचे लॉग सलग असतील, तर ते रिप्ले होऊन (डेटाबेसवर क्रमाने पुन्हा लागू होऊन) अगदी अलीकडची मेलही परत येते. मधला एक लॉग जरी गहाळ असला, तरी रिप्ले तिथेच अडतो. सर्क्युलर लॉगिंग, म्हणजे जुने लॉग आपोआप पुसण्याची सोय, चालू होतं? मग बॅकअपनंतरची मेल गेलीच म्हणून समजा.

'/पी' दुरुस्त न होणारी पानं (डेटाबेसमधले डेटाचे छोटे भाग) सरळ टाकून देतो, आणि काय गेलं हे आधी कळत नाही. म्हणून बॅकअप नसेल तरच, आणि तेही ईडीबीची प्रत बाजूला ठेवून. डेटाबेसच्या साधारण 20 टक्के जागा मोकळी हवी. माउंट झाला की सगळे मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवा. '/पी' झालेला डेटाबेस कायम वापरात ठेवायला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही.