ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या मिस्त्रींकडून स्पोर्ट्स कारची लाकडी बॉडी : माझा अनुभव

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे ट्रकच्या बॉड्या बांधणारं एक गॅरेज आहे. मिस्त्रींनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, आधीच ट्रकांची रांग असते. पण सोलापुरात लाकडात इतकं नेमकं काम होतं, हे लोकांना कळायला हवं.

माझ्याकडे पाइपची वेल्डेड फ्रेम होती, मागे मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन. गाडी रस्त्यासाठी नाही, शेतातल्या मोकळ्या पट्ट्यावर पळवायची. इंजिन लहान, त्यामुळे बॉडी हलकी असणं हाच सगळा खेळ. पत्र्याचं काम करणाऱ्या एकाने लाकूड म्हटल्यावर हसून वाटेला लावलं. मिस्त्री हसले नाहीत. फ्रेमभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सर, ट्रकला बाभूळ चालतंय, ह्येला नाही. ह्येला शिवण घ्या की. हलकं असतंय आन् पिळत नाही."

शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर ४ मिमी मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, असं ठरलं. हिशेब सरळ आहे. ०.८ मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास भरतो, ४ मिमी प्लाय पावणेतीनच्या. शिवाय वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून निम्म्याहून कमी वजनाचा प्लाय पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ राहतो. ब्रिटनमध्ये जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये मार्कोस गाडी काढली, ती याच जोरावर. चॅसीच, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडाच, प्लायची, चिकटवून बांधलेली. कॉस्टिन आधी डी हॅविलँडमध्ये होते, मॉस्किटो हे लाकडी विमान बनवणारी तीच कंपनी. पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झालेले जॅकी स्टीवर्ट सुरुवातीच्या दिवसांत मार्कोसवर शर्यती खेळले आहेत.

मी नेलेल्या प्लायवर ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा (आयएस ७१०) शिक्का होता. मिस्त्रींनी शिक्क्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्याचा तुकडा कापला आणि पत्र्याच्या डब्यात पाणी घालून चुलीवर उकळत ठेवला. संध्याकाळपर्यंत थर सुटून पानं वेगळी झाली. खऱ्या मरीन प्लायने ७२ तास उकळून टिकायला हवं. शीट दुकानात परत गेल्या, दुसऱ्या आल्या, त्यांचाही तुकडा डब्यात गेला. तो टिकला, मगच काम सुरू.

प्लाय एका दिशेलाच वळतो, हे समजून घेऊनच डिझाइन करा. दारं आणि बॉनेटला गरम पाण्यात भिजवलेली पोती टाकून, साच्यावर दोरीने आवळून रात्रभर ठेवलं. वरच्या थराची रेघ वळणाच्या अक्षाला समांतर ठेवली की प्लाय मुकाट्याने बसतो. पुढचे मडगार्ड मात्र दोन्ही बाजूंनी गोल. तिथे पातळ पट्ट्या तिरप्या, थरावर थर उलट्या दिशेने चिकटवल्या. हे काम बघण्यासारखं होतं. रंध्याच्या शेवटच्या हातानंतर बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा चिकट राळेचा गोंद, पहाटेच कालवायची, हा त्यांचा नियम मला फार आवडला. सोलापूरच्या उन्हात दुपारी कालवली तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच तापून घट्ट होते. रंगही पांढराच द्या. गडद रंग मे महिन्यात इतका तापतो की साधी इपॉक्सी मऊ पडू शकते.

तक्रारी दोन. वेळ पाळत नाहीत. ट्रक आला की आपली गाडी ताडपत्रीखाली जाते. आणि डाव्या दाराची खालची कड सील न करता दिली. पावसाळ्यात ती फुगली, दार घासायला लागलं. दाखवल्यावर पैसे न घेता रंधा मारून इपॉक्सी लावून दिली, पण प्लायच्या उघड्या कडेतूनच पाणी शिरतं, हे त्यांच्यासारख्या माणसाला सांगावं लागू नये. ताब्यात घेताना प्रत्येक कडेवरून हात फिरवा.

मजुरी रोजावर, माल आपला. वर्षाअखेरीला भाव वाढवून मागितला नाही की मालात हात मारला नाही. उरलेल्या पट्ट्यासुद्धा बांधून परत दिल्या.

जाताना पूर्ण मापाचं कागदावरचं चित्र न्या. मोबाईलवरच्या फोटोवर मिस्त्री पटाशी उचलत नाहीत.