१/१० बग्गीत २० किलोचा डिजिटल स्टिअरिंग सर्वो: काही महिने चालवल्यावर

गाडी १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाची), रिमोटवर चालणारी, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली ब्रशलेस मोटरची बग्गी, टू-एस लायपोवर, म्हणजे दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर. सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटर-गिअरची छोटी पेटी, ऑनलाइन सहज मिळणारा, २० किलो वर्गातला: डिजिटल, मेटल गिअर, २५ दातांची स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दाते), स्टँडर्ड माप. मैदानात, मातीत, उड्यांसाठी घ्यायला हरकत नाही. ट्रॅकवर लॅप टाइम सुधारायचा असेल तर घेऊ नका. आणि काहीही घेण्याआधी बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारं सर्किट) आणि सर्वो सेव्हर (धडकेचा मार सर्वोच्या गिअरपर्यंत पोचू न देणारा स्प्रिंगचा भाग) तपासा, कारण त्यांचे दोष नेहमी सर्वोच्या नावावर खपतात.

टॉर्कच्या आकड्याला फार भुलू नये. २० किलो-सेमी म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेमीवर २० किलोची ओढ. हॉर्नचं (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांड्याचं) भोक २ सेमीवर असेल तर १० किलोच उरते. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सर्वात जास्त व्होल्टेजचा असतो. ५ व्होल्टवर ताकद आणि वेग दोन्ही उतरतात. १/१० बग्गीला खरे १० ते १५ किलो पुरतात. २० च्या वरचा शोध १/८ वाल्यांनी घ्यावा.

वेगात मात्र हा कमी पडतो. ६० अंशांना ०.१६ सेकंद, तेही चाकांचा भार नसताना. मधून कडेपर्यंत हॉर्न साधारण ३० अंश फिरतो, म्हणजे ०.०८ सेकंद. ताशी ४० किमीला गाडी तेवढ्यात जवळपास ९० सेमी पुढे जाते. ०.०८ च्या सर्वोवर हेच अंतर निम्मं होतं. मोकळ्या मैदानात हे जाणवत नाही; एस वळणात, किंवा मागचं टोक सुटल्यावर उलट स्टिअर देताना, नक्की जाणवतं.

आता बीईसी. चाक दगडाला अडून सर्वो जाम झाला की तो एकदम करंट ओढतो. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) बीईसी ६ व्होल्ट, २-३ अँपिअरचा असेल तर व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर रीसेट होतो आणि लोक ट्रान्समीटरच्या रेंजला दोष देतात. गाडी स्टँडवर ठेवा, पुढची दोन्ही चाकं हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग झपाझप दोन्हीकडे फिरवायला सांगा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला की निदान झालं. मल्टिमीटरवर विसंबू नका, इतका क्षणिक डिप त्याला दिसतच नाही. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला ४७०० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला तर लहान डिप भरून निघतात, पण पोलॅरिटी उलटी होऊ देऊ नका. बीईसी मुळातच तोकडा असेल तर वेगळा ५ अँपिअरचा लावणं हाच उपाय. आणि ६.८ व्होल्टपर्यंतच चालणाऱ्या सर्वोला टू-एस पॅक थेट जोडू नका. पूर्ण चार्ज पॅक ८.४ व्होल्टचा असतो, सर्वो जळू शकतो.

बसवताना टाय रॉड (चाकांना वळवणारी दांडी) सोडवा, ट्रिम आणि सब-ट्रिम (ट्रान्समीटरवरून सर्वोचा मध्य सरकवायच्या सेटिंग) शून्यावर आणा, गाडी चालू करून सर्वो मध्यावर येऊ द्या आणि मगच हॉर्न लिंकला काटकोनात बसवा. एखादा दात मागेपुढे राहिला तरच सब-ट्रिम वापरा. मग दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (सर्वो कडेला किती फिरेल याची मर्यादा) कमी करत या. चाक कडेला टेकल्यावर सर्वो गुणगुणत असेल तर तो अजून ढकलतोय, म्हणजे मोटर तापतेय. आवाज थांबेपर्यंत एंड पॉइंट उतरवा. हॉर्नच्या स्क्रूला, मेटल शाफ्ट असल्यास, थेंबभर निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक). सर्वोची केस चॅसिसला टेकू नये, साधारण १ मिमी फट ठेवा. नाहीतर उडीनंतर चॅसिस वाकते तेव्हा मार थेट केसला बसतो.

सेव्हर बेलक्रँकमध्ये (सर्वोची ओढ चाकांकडे वळवणाऱ्या फिरत्या तुकड्यात) असेल तर सर्वोवर ॲल्युमिनियमचा हॉर्न चालतो. सेव्हर हॉर्नमध्येच असेल तर तो काढून घट्ट हॉर्न लावू नका, प्रत्येक धडक गिअरवर येते. उलट स्प्रिंग फार सैल असेल तर चाक वळण्याआधी सेव्हरच उघडतो आणि २० किलोचा सर्वो ६ किलोचा वाटतो. स्प्रिंगची कॉलर (आवळायची रिंग) पाव-पाव फेरा आवळत तपासा.

काही महिन्यांनी मध्यावर ढिलेपणा येतोच. गाडी चालू ठेवून चाक हलकेच हलवा आणि सर्वोपासून चाकापर्यंत बघत जा. शाफ्ट स्थिर आणि हॉर्न हलतोय, तर स्प्लाइन किंवा स्क्रू. दोन्ही मिळून हलतात पण मोटर गप्प, तर गिअर झिजले. हॉर्न स्थिर आणि बेलक्रँक डुगडुगतोय, तर त्याचे प्लॅस्टिक बुश. तिथे बॉल बेअरिंग टाका. माझ्या गाडीत सर्वात जास्त ढिलेपणा या बुशमधूनच येतो, सर्वोमधून नाही. हात न लावता सर्वो मध्यावर थरथरत असेल तर बहुधा आतला पॉट (शाफ्ट कुठे आहे ते सांगणारा भाग) खराब आहे. तो साफ करून तात्पुरतं भागतं, शेवटी सर्वो बदलावाच लागतो.

वॉटरप्रूफच्या स्टिकरवर पावसाळा काढू नका. पाणी आणि आमची बारीक लाल धूळ शाफ्टभोवतीच्या ओ-रिंगमधूनच शिरते. हॉर्न काढून तिथे ग्रीसचं पातळ बोट फिरवलं की फरक पडतो. आतले पितळी गिअर स्टीलपेक्षा लवकर झिजतात, म्हणून विकत घेण्याआधी त्याच मॉडेलचा गिअर सेट सुटा मिळतो का, हे दुकानदाराला विचारून घ्या.