राजहंसगड की गोकाक?

बेळगावात पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेलाच. येळ्ळूरचा राजहंसगड सकाळीच उरकतो: सायकल काढा, वर सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, खाली भाताची शिवारं बघत बसा. गोकाकच्या धबधब्याला मात्र अख्खा दिवस द्यावा. दख्खनचे लाव्हाथर आपल्या भागात दक्षिणेकडे संपत येतात, त्यामुळे घटप्रभा नदी तिथे काळ्या बसाल्टवरून नव्हे, त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ तांबूस आणि आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. तेव्हा माझं मत गोकाकलाच. एप्रिलात गेलात तर नुसता कातळ दिसेल. मग गड बरा. करदंट ही मिठाई मात्र गोकाकचीच!