कोकणात भट्टीची खोली: २,८३,२०० रुपयांचा खड्डा

माझी पुतणी नववीत आहे. तिने आमच्या नव्या घराच्या नकाशावर ‘फर्नेस रूम’ लिहिलेल्या जागी बोट ठेवलं आणि विचारलं, “काका, फर्नेस म्हणजे भट्टी ना? आपल्या घरात भट्टी कशाला?” आई लगेच म्हणाली, “भट्टी? दारवेची?” सगळे हसलो. नकाशा काढून देणारा माणूसही हसला, सगळ्यांत मोठ्याने. म्हणाला, “अगो, ती मीटरची खोली. सॉफ्टवेअर भायरचा आसा, असाच नाव येता.” मी मान डोलावली आणि ६५,००० रुपयांचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

तेव्हाच कळायला हवं होतं. नववीतल्या पोरीला कळलं. मी कॉमर्सचा पदवीधर, २७ वर्षं मुंबईत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढण्यात गेली, आणि मला कळलं नाही. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

जिल्हा सिंधुदुर्ग. तालुका आणि त्या माणसाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तशी तंबी दिली आहे.

आमचं जुनं मातीचं घर पावसात एका बाजूने बसलं होतं. दादाचं म्हणणं साधं होतं: चार खोल्या, चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, समोर खळं. माझ्या डोक्यात मात्र दोन चुली होत्या. मी निवृत्त होऊन गावी येणार, एका स्वयंपाकघरात दोन बायका, रोजची कुरबुर नको. म्हणून वर आई आणि आम्ही, खाली तळघरात दादा-वयनीसाठी वेगळ्या दाराचं, वेगळ्या न्हाणीचं अपार्टमेंट, आणि ते मुंबईला मुलाकडे गेले की मे महिन्यात तेच पर्यटकांना द्यायचं. दादा एवढंच म्हणाला, “जमनीखाली रवाक मी काय उंदीर?” मला राग आला. मला वाटलं, गावातच राहिलेल्या माणसाला नवीन काही पटत नाही.

हा माणूस जत्रेत भेटला, २०२३च्या डिसेंबरात. बाजारात भाड्याचा गाळा, वर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी, आत काचेचं टेबल. मालवणी बोलायचा, आईच्या पाया पडला. नकाशा, थ्रीडी, मंजुरी, सगळं एका हाती, १,८५,००० रुपये. पुढचा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. ५१,००० ऑनलाइन, मग ‘साहेबांसाठी’ ६५,००० रोख, मग मंजुरीचं पत्र दाखवून ६९,००० ऑनलाइन. रोख का दिले म्हणून मला विचारू नका. रोख दिल्याशिवाय आपल्याकडे कागद हलतो असं ज्याने पाहिलंय त्यानेच विचारावं.

नकाशा दिसायला देखणा होता. खालच्या मजल्याला वेगळा जिना, बैठक, दोन बेडरूम, कपडे धुण्याची खोली आणि ती फर्नेस रूम. खिडक्यांना बाहेरून अर्धगोल खड्डे. देवघर मात्र कुठेच नव्हतं. गणपतीचा चौरंग कुठे, त्याच्यावरची माटवी (फळाफुलांची चौकट) कुठे बांधायची, हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या ज्या माणसाला नकाशा काढताना पडत नाही, तो नकाशा त्याने काढलेलाच नाही, एवढं साधं गणित होतं. वयनीने विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “फर्निचरच्या वेळेक बघूया.”

नंतर भाच्याने इंटरनेटवर शोधून दाखवलं. एका थंड देशातला फुकटात मिळणारा घराचा नकाशा, जसाच्या तसा. फक्त वर माझं नाव आणि आमचा सर्व्हे नंबर. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया चार-पाच फूट खाली न्यावाच लागतो. तेवढं खणलंच आहे तर थोडं आणखी खणून खाली अपार्टमेंट काढणं त्यांना परवडतं. घराला भट्टी लागते कारण बाहेर बर्फ असतो. खिडकीबाहेरचे खड्डे उजेडासाठी आणि आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून. आमच्याकडे जमीन गोठत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभा दगड स्पंजासारखा पाणी पितो. त्या अर्धगोल खड्ड्यांच्या आमच्याकडे विहिरी झाल्या असत्या.

हे सांगायला अभियंता लागत नाही. आमच्या गवंड्याने एप्रिलातच सांगितलं होतं: “भावा, हंय खणलंस तर मिरगात पाणी लागतला.” मी त्याला म्हणालो, वॉटरप्रूफिंग करणार आहोत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळत बसला. पाणी किती खोल आहे ते बघायचं तर शेजारच्या विहिरीत श्रावणात डोकवा, एप्रिलात नव्हे. एप्रिलात सगळ्याच विहिरी खोल असतात.

दुसऱ्या हप्त्यानंतर मंजुरी लांबत गेली. कारण तयार होतं: लोकसभेची आचारसंहिता लागली आहे, साहेब सही करत नाहीत. १६ मार्चला आचारसंहिता लागली ते पेपरात होतंच, म्हणून ते खरं वाटलं. मग मेच्या पहिल्या आठवड्यात, ७ तारखेच्या मतदानाच्या गडबडीत, अचानक पत्र आलं. आचारसंहितेत सही होत नाही म्हणणाऱ्याने आचारसंहितेतच सही आणली, हेही मला खटकलं नाही. पावसाआधी खणाई उरकायची घाई होती. जेसीबी आणि ब्रेकर मिळून ४६ तास, ताशी १,१०० रुपयांनी ५०,६०० झाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत खड्डा अर्धा भरला. पाणी वरून कमी आणि बाजूंनी जास्त. चिऱ्यांच्या सांध्यांतून नळ सोडल्यासारखं येत होतं. पंप आणि डिझेलचे ९,२०० गेले, आणि पंप बंद केला की तासाभरात पाणी पुन्हा तिथेच. चौथ्या दिवशी कडेची माती सुटली आणि शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आत आला. तो बांधून देण्याचे ३८,४००. शेजारी आता आमच्याशी बोलत नाही, तो हिशेब यात धरलेला नाही.

त्या ‘आर्किटेक्ट’ला फोन केला. आधी “येतंय”, मग “रत्नागिरीक आसंय”, मग फोन बंद. गाळ्याला कुलूप. गाळ्याच्या मालकाचंही तीन महिन्यांचं भाडं थकलेलं.

मग मी ते पत्र घेऊन कार्यालयात गेलो. जावक क्रमांक रजिस्टरमध्ये बघायला अर्धा दिवस बसवून ठेवलं. त्या क्रमांकावर पाणीटंचाईच्या टँकरचं पत्र निघालं. तिथला कारकून नकाशा बघून म्हणाला, “तळघरात बेडरूम? हे पासच होत नाही.” आणि खरंच. राज्याची २०२०ची एकत्रित नियमावली आहे, तीत तळघर सामानाला, गाड्यांना, यंत्रांना. राहायला नाही. हे वाक्य मला आधी कोणीतरी फुकटात सांगितलं असतं. जावक क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, पत्राचा फोटो घेऊन नाही, स्वतः जाऊन. कारकुनाला मी म्हटलं, तुमच्या कार्यालयाचा खोटा शिक्का आहे, तुम्ही तक्रार करा. तो म्हणाला, “शिक्का आमचा नाही, मग तक्रार आमची कशी?”

नकाशावरच्या शिक्क्यातला आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक खरा होता, पण पुण्यातल्या एका भलत्याच वयस्कर गृहस्थांचा. हा नोंदणी क्रमांक आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत बघता येतो, नाव आणि गावासकट. मी बघितला १९ जूनला, पहिले पैसे दिल्यानंतर पाच महिन्यांनी. परिषदेला लिहिलं. उत्तर आलं की ही व्यक्ती नोंदणीकृत नाही, म्हणून तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. वास्तुविशारदांचा कायदा १९७२चा आहे, नोंदणी नसताना ही पदवी लावणं त्यात गुन्हा आहे. पण पदवी खरी असती तर कारवाई, खोटी आहे म्हणून पोलिसांत जा!

पोलिसांकडे गेलो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. १ जुलैला नवीन न्याय संहिता लागू झालेली. गुन्हा जुन्या ४२०मध्ये बसवायचा की नव्या कलमात, यावर तिथे दोघांची चर्चा झाली. मी बाकावर. शेवटी ठरलं की पैसे जानेवारी ते मेमध्ये दिले, म्हणजे जुनं कलम, पण मुळात हा दिवाणी मामला. “काका, तुम्ही शिकलेले दिसता. रोखीची पावती आहे?” नाही. “नकाशा दिला ना त्याने?” दिला. “मग फसवणूक कसली? नकाशा आवडला नाही म्हणा.” दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज सापडला नाही. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. सप्टेंबरात गणपती, नोव्हेंबरात विधानसभा, कायम कुठलातरी बंदोबस्त. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, “सर, पैसे तुम्ही स्वतः पाठवले होते का?” बँकेने तेच वाक्य कागदावर दिलं.

(कर्ज काढलं असतं तर बँकेच्याच माणसाने कागद तपासले असते. आपण कर्ज न काढता घर बांधतोय याचा मला अभिमान होता.)

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, एवढं लक्षात ठेवा आणि घालवू नका. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे तो कुलूप लावलेला गाळा.

खाली घर हवंच असेल तर उतारावरची जागा बघा, जिथे खालच्या मजल्याची एक बाजू मोकळी सुटते आणि पाणी आपोआप निघून जातं. आमची जागा सपाट आहे. गवंड्याला ते न सांगता दिसलं होतं.

दादा खड्ड्याबद्दल एक शब्द बोलला नाही. २०२४ची चतुर्थी आम्ही काकांच्या पडवीत काढली, आमचा गणपती त्यांच्या गणपतीशेजारी. त्याने काही बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय, भाच्याला नाही. गेल्या आठवड्यात भाच्याने त्याचं स्टेटस दाखवलं. नवा थ्रीडी, वेंगुर्ल्याकडची कुठलीतरी जागा, खाली अपार्टमेंट, तेच जिने, तेच अर्धगोल खड्डे. फर्नेस रूमच्या जागी आता ‘देवघर’ लिहिलंय.