सेफारिया: रविवारच्या वर्गाच्या टीचरला याचा किती उपयोग?

सेफारियाबद्दल बरेच जण विचारतात, त्यातही जे आपल्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी ज्यू) मुलांना शिकवतात ते जास्त, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. मी रविवारचा वर्ग घेते, लहानांना आलेफ-बेत (हिब्रू मुळाक्षरं) आणि सण, मोठ्यांना थोडं तोरा (मोशेची पाच पुस्तकं), थोडा इतिहास. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, आणि आपल्याकडे शिकवणाऱ्या जवळपास सगळ्यांचं तसंच असतं. तेव्हा हा रिव्ह्यू फुल टाइम रब्बी (धर्मगुरू) किंवा डे स्कूलच्या, म्हणजे रोजच्या ज्यू शाळेच्या, टीचरच्या नजरेतून नाही, शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर उद्या काय शिकवू म्हणून मोबाइल उघडणाऱ्या बाईच्या नजरेतून आहे.

आधी थोडक्यात माहिती. सेफारिया म्हणजे ज्यू ग्रंथांची ऑनलाइन लायब्ररी, वेबसाइट आहे आणि अॅपही आहे. जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर या दोघांनी सुरू केली, 2013 पासून लोकांसाठी खुली आहे, ना-नफा संस्था आहे आणि पूर्ण फुकट. तनाख (हिब्रू बायबल), त्यावरचं राशी या भाष्यकाराचं भाष्य, मिश्ना (तोंडी परंपरेतले नियम), मिद्राश (बायबलवरच्या कथा आणि अर्थ), शुल्हान आरुख (धर्मनियमांचा ग्रंथ) सगळं हिब्रूत, बऱ्याच गोष्टींचं इंग्रजीही. 2017 मध्ये त्यांनी स्टाइनसाल्ट्झ यांचं तालमूदचं (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) इंग्रजी भाषांतर फुकट टाकलं तेव्हापासून खरी मजा आली, कारण त्यात मूळ शब्दांचं भाषांतर ठळक अक्षरात आणि मधली समजूत साध्या अक्षरात येते, त्यामुळे मूळ काय आणि समजावून सांगितलेलं काय हे माझ्यासारखीलाही लगेच कळतं. हे छापील खंड विकत घ्यायचे म्हटले तर आपल्या बजेटचं विचारूच नका.

आता वापराचं. कुठल्याही पासूकवर (ओवीवर) बोट ठेवलं की बाजूला पट्टी उघडते, त्यावर कोणी कोणी काय म्हटलंय, तालमूदमध्ये ते कुठे आलंय, मिद्राश काय सांगतो, सगळं एकाखाली एक. शब्दावर टॅप केलं की डिक्शनरी. हिब्रूतले निकुद (स्वरांच्या खुणा) दाखवायचे की लपवायचे हेही आपल्या हातात असतं, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण आधी निकुदसकट वाचून घ्यायचं, मग बंद करून त्याच ओळी परत वाचायला लावायच्या, पोरं त्याला गेम समजून एकमेकांवर कुरघोडी करत बसतात आणि आपलं काम होऊन जातं.

पण टीचरसाठी खरी चीज म्हणजे शीट. फुकट अकाउंट काढायचं आणि आपल्या धड्याची शीट बनवायची, नुसता संदर्भ टाकला की हिब्रू आणि इंग्रजी मजकूर आपोआप येऊन बसतो, मध्ये आपलं लिखाण, प्रश्न, फोटो टाकता येतात. मी एलियाहू हन्नाबीवर (एलिया संदेष्ट्यावर) बनवली. आपल्या घरात त्याच्या नावाने मलिदा हा विधी होतो, पोहे-नारळ-फळांचं ताट मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं, एलियाहूचं गाणं तोंडपाठ असतं, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत हेही आजीने सांगितलेलं असतं. पण तो रथ मुळात कुठल्या पुस्तकात आहे विचारलं की सगळे गप्प. म्हणून पहिल्यांदा दुसरा राजे अध्याय 2, तो अग्नीचा रथ, मग पहिला राजे अध्याय 19, जिथे तो होरेब डोंगरावर जातो आणि वारा, भूकंप, आग सगळं होऊन गेल्यावर अगदी बारीक आवाज येतो. प्रत्येक उताऱ्याखाली मी माझ्या सोप्या मराठीत अर्थ टाइप केला आणि शेवटी खंडाळ्याच्या खडकाचा फोटो लावला. मलिदाचा विधी आपला आहे, तो तिथे आपणच लिहायचा, आणि लिहिला पाहिजे असं माझं मत आहे.

मोठ्या मुलांसाठी त्याच शीटमध्ये बेराखोत 3अ टाकलं. म्हणजे तालमूदची अगदी सुरुवातीची पानं. रब्बी योसे प्रवासात असतात, नमाजाची (आपण प्रार्थनेला नमाज म्हणतो) वेळ होते म्हणून जेरुसलेममधल्या एका पडक्या इमारतीत शिरतात, एलियाहू दारात थांबून त्यांचं होईपर्यंत राखण करतो आणि मग म्हणतो, बाबा पडक्या जागेत कशाला शिरलास, रस्त्यातच छोटा नमाज करायचा होता. यावर एक मुलगा, कॉलेजला लोकलने जाणारा, पटकन म्हणाला, मग ट्रेनमध्ये पण चालेल की! पुढचा सगळा तास उभ्याने, गर्दीत, कानात हेडफोन असताना नमाज होतो का यावरच गेला. मी काही शिकवलंच नाही जवळपास, नुसतं आता राशी उघडा, आता खालची ओळ बघा असं सांगत होते.

आता करिअरच्या मुद्द्यावर येते, कारण हल्ली तरुण टीचर मंडळी विचारतात की पैसे भरून एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करू का. मी एक केलाय, परदेशी संस्थेचा, नाव लिहीत नाही. लाइव्ह सेशन न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातला, म्हणजे थंडीच्या दिवसात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, डोळे चोळत कॅमेरा ऑन करायचा. शिकवणारे लोक चांगले होते, प्रश्न कसा विचारावा, मुलांना एकमेकांशी बोलायला कसं लावावं हे खरंच शिकले. पण निम्मी उदाहरणं समर कॅम्पची, आणि एक अख्खं सेशन तर शाळेच्या बोर्डाकडे ट्रेनिंगचं बजेट कसं मागावं यावर. अहो, आमच्याकडे मार्कर पेन संपलं की मीच आणते! शिवाय मेंटर देणार म्हणून फीमध्ये धरलेलं होतं, त्या मेंटरने एकदा फोन केला आणि नंतर गायब. मेल केल्यावर सॉरीचा टेम्प्लेट आला, बस्स.

तिकडे शिडी आहे, हे मान्य. न्यूयॉर्कला जेटीएसमध्ये (ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरी) ज्यू शिक्षणाचं मास्टर्स होतं, जेरुसलेमला पारडेसमध्ये टीचर लोकांचं शिक्षण होतं, नवीन टीचरला अनुभवी माणूस जोडून द्यायचा ज्यू न्यू टीचर प्रोजेक्ट 2003 पासून चालू आहे, डे स्कूलच्या लोकांसाठी प्रिझमा नावाचं नेटवर्क आहे. टीचर, मग कोऑर्डिनेटर, मग एज्युकेशन डायरेक्टर असं वर जाता येतं. तरी तिकडेही संडे स्कूलवाले बहुतेक पार्ट टाइमच, हे कोर्समधल्या ब्रेकआउट रूममध्ये कळलं, तेवढ्यावरून आमची गट्टी जमली. आपल्याकडे मात्र वर चढायला जागाच नाही. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी इस्रायलाइट स्कूल काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, पण समाजाचे बहुतेक लोक इस्रायलला गेले आणि आज तिथली बहुतांश मुलं ज्यू नाहीत. आपल्या परंपरेत सांगतात की आपल्याला धर्म पुन्हा शिकवणाऱ्या दाविद राहबीने तीन तरुण निवडले, शिकवले आणि त्यांना काजी, म्हणजे समाजाचं धर्मकार्य सांभाळणारे, केलं. त्यांना निदान काम आणि मान दोन्ही मिळाले, आत्ताच्या टीचरला वार्षिक कार्यक्रमात एक शाल मिळते.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर आधी सेफारियावर एक वर्ष घासा, मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. तिथे आपलं प्रोफाइल असतं, पब्लिक केलेल्या सगळ्या शीट त्यावर दिसतात, उद्या कुठे फेलोशिपला किंवा इस्रायलमधल्या ट्रेनिंगला अर्ज केला तर ती लिंक सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते, निदान काय शिकवलंय ते दिसतं तरी. दुसऱ्यांच्या शीट कॉपी करून आपल्यासारख्या बदलताही येतात. फक्त डोळे झाकून घेऊ नका, कोणीही शीट टाकू शकतो, काही फार सुंदर असतात, काही म्हणजे चार उतारे चिकटवले आणि झालं.

काय नाही तेही सांगते. इंग्रजी किंवा हिब्रू येत नसेल तर वापरणं कठीण, आमच्या वर्गातल्या एका मावशींना शिकवायची फार हौस आहे, त्यांना मी शेजारी बसून वाचून दाखवते. ग्रंथ मिळतात, पण सात वर्षांच्या मुलाला शांत कसं बसवायचं हे ती लायब्ररी शिकवत नाही, त्याला माणूसच लागतो. आणि पहिल्यांदा उघडल्यावर इतकं काही समोर येतं की गरगरायला होतं, तेव्हा त्या आठवड्याच्या पाराशापासून (तोरातल्या वाचनाच्या भागापासून) सुरुवात करा, होमपेजवरच सापडेल.

बिरड्याच्या सणाची (तिशा ब'आव) शीट तयार आहे, एखाच्या (विलापगीत) पहिल्या अध्यायासकट, मराठी अर्थ घातलेला आहे, कोणालाही घ्यायची असेल तर घ्या. पेसाहची (वल्हांडण सणाची) अर्धवट आहे. 1846 ला मुंबईत किंवा 1874 ला पुण्यात छापलेल्या मराठी हगादाचे (पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकाचे) नीट वाचता येतील असे फोटो कोणाच्या घरी असतील तर प्लीज पाठवा, मा निश्तानाचं (त्या रात्री विचारायच्या प्रश्नांचं) त्यातलं मराठी मला मुलांना दाखवायचंय.