भंगारातून सोडवलेला अपराइट पियानो: सोलापूरच्या हवेत सोळा महिने वापरल्यानंतर

रेल्वे लाइन्स भागातला एक जुना बंगला पाडायला घेतला, तेव्हा त्यातला अपराइट, म्हणजे उभ्या कपाटासारखा, पियानो भंगारवाल्याने आधीच वजनावर ठरवून ठेवला होता. बिडाच्या चौकटीचा भाव वेगळा, खर्जाच्या तारांवर गुंडाळलेल्या तांब्याचा वेगळा, आणि लाकडाचा भाव शून्य. मी त्याला १२,००० रुपये देऊन तो पियानो सोडवला, पावसाळ्याचे चार महिने त्याच्या दुरुस्तीत घालवले, आणि दिवाळीपासून आजपर्यंत तो आमच्या घरात रोज वाजतो आहे. मी स्वतः भजनाला पेटीची साथ करतो. मुलगी चार वर्षे कीबोर्डवर शिकून पुढच्या परीक्षांसाठी खऱ्या पियानोच्या शोधात होती. जुना पियानो फुकट किंवा फुकटाच्या मोलाने मिळत असेल तर घ्यावा का, असे मला आता अनेक जण विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

घेण्यापूर्वी जे पाहायला हवे होते त्यातले निम्मेच मी पाहिले. पेटाऱ्यावरचे नक्षीकाम, मेणबत्त्यांसाठीचे पितळी हात आणि झाकणाची चमक यांनी माझे लक्ष वेधून घेतले. वास्तविक पियानोचे आयुष्य ठरते ते तारा ज्या खुंट्यांवर गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या लाकडात घट्ट आहेत की नाहीत यावर. तंबोऱ्याची खुंटी सैल झाली तर खडू लावून भागते, पण इथे दोनशेहून अधिक लोखंडी खुंट्या एका जाड फळीत ठोकलेल्या असतात आणि सगळ्या तारांचा मिळून ताण साधारण १५ टनांच्या घरात जातो. फळी वाळून भेगाळली की खुंटी सूर धरत नाही, आणि ती फळी बदलणे म्हणजे पियानो जवळजवळ नव्याने बांधणे. त्यामुळे जुळवायची किल्ली सोबत नेऊन दहा-बारा खुंट्या केसभर फिरवून पाहाव्यात. किल्ली सोडताच खुंटी आपोआप मागे फिरली तर पॉलिश कितीही देखणे असो, नमस्कार करून परत यावे. बिडाच्या चौकटीला तडा असेल तरीही तेच करावे. तबलीला, म्हणजे मागच्या साउंडबोर्डला, एखादी चीर असेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ती करकरत नसेल तर तशीच चालते. घोडीच्या, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्या, खिळ्यांपाशी लाकूड फुटले आहे का, एवढे तेवढे निरखून पाहावे.

आमच्या पियानोच्या सुमारे चाळीस खुंट्या सैल निघाल्या. हे मला वाद्य घरी आल्यावर कळले, आणि दुरुस्तीचा मोठा खर्च त्यातूनच उभा राहिला.

वाहतुकीबद्दल थोडक्यात सांगतो. वाद्याचे वजन २०० किलोंच्या वर असते, आणि ते सगळे मागच्या बाजूला असल्यामुळे ते मागे कलंडण्याची धास्ती असते. सहा हमाल, एक टेंपो आणि दोन जाड सतरंज्या लागल्या. शहाबादी फरशीवर त्याची लहान चाके अजिबात फिरवू नयेत. फरशीच्या सांध्यात अडकून आमचे एक चाक तुटले. आता चारही चाकांखाली सुताराकडून करवून घेतलेल्या लाकडी वाट्या आहेत.

उघडल्यानंतरचा पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. पट्ट्या काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक आहे की नाही हे तपासले. ५० पांढऱ्या आणि ३५ काळ्या, अशा ८५ पट्ट्या होत्या. आजच्या पियानोला ८८ असतात, पण जुन्या वाद्यांत वरच्या तीन नसणे सर्रास आढळते आणि शिकणाऱ्याला त्यांची उणीव क्वचितच भासते. पट्ट्यांखाली बोटभर धूळ, उंदराने कुरतडलेल्या नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड थराचे) घरटे, शिवणकामाच्या टाचण्या आणि १९४४ सालचा भोकाचा पैसा सापडला. ते नाणे हिरवे पडले होते, पण भोकाच्या कडेला बोट लावले तेव्हा ती अजून गुळगुळीत लागली. ते मी पुसून पुन्हा पियानोतच, खालच्या कप्प्यात ठेवले आहे.

पांढऱ्या पट्ट्यांवरचे आवरण कशाचे आहे हे आधी पाहून घ्यावे. जुन्या पियानोंवर हस्तिदंत असू शकतो: त्यात एका पट्टीवर पुढचा रुंद आणि मागचा अरुंद असे दोन तुकडे जोडलेले दिसतात आणि उजेडात बारीक रेषा दिसतात. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे असे वाद्य विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. आमच्या पट्ट्यांवर सेल्युलॉइड निघाले. बोटाने जोरात घासले की कापराचा मंद वास येतो, ही त्याची खूण. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, म्हणून त्याच्या जवळ उदबत्ती किंवा समई ठेवत नाही.

हातोड्यांच्या यंत्रणेत प्रत्येक पट्टीमागे एक सुती फीत असते. हातोडी तारेवर आपटून परत येताना ती तिला मागे ओढून धरते. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी फिती हात लावताच भुगा होऊन पडल्या. बाहेरून मागवण्याऐवजी चाटी गल्लीतून अरुंद सुती पट्टी आणली, टोकाला लावायचे चामड्याचे तुकडे चांभाराकडून कापून घेतले, आणि मुलगी व मी दोघांनी मिळून तीन रविवारी त्या बसवल्या. पट्ट्यांखालच्या नमद्याच्या चकत्या यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळालेल्या नमद्यातून कापल्या. गिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात कापूस, लोकर आणि चामडे यांची कारागिरी अजून टिकून आहे, आणि ती या कामी आली याचे मला मनापासून समाधान वाटते. हातोडीच्या डोक्यावरचा नमदा मात्र असा बदलता येत नाही. तो मोठ्या दाबाखाली ताणून बसवलेला असतो. आम्ही तारांनी पाडलेले खोल वळ काच-कागदाने हलक्या हाताने घासून काढले आणि हातोडीला पुन्हा गोलाई आणली. कसरीने खाल्लेल्या वरच्या सात हातोड्या तशाच आहेत.

याच टप्प्यावर माझ्याकडून एक चूक झाली. काही हातोड्या जड हलत होत्या, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून तिघींच्या बिजागरीत शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. दोन दिवस त्या छान चालल्या आणि आठवड्याभरात पूर्ण अडकल्या, कारण त्या बारीक पिनांभोवती नमद्याचे अस्तर असते आणि ते तेल पिऊन फुगते. पियानो जुळवणाऱ्या ट्यूनरना त्या तिन्ही पिना काढून नव्याने बसवाव्या लागल्या. उरलेल्यांना त्यांनी स्पिरिट आणि पाणी एकत्र करून एकेक थेंब दिला. तो सुकताना अस्तर आकसते आणि पिन मोकळी होते. पियानोच्या पोटात तेल घालू नये, एवढे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

ट्यूनर पुण्याहून येतात. पहिल्या भेटीत त्यांनी पियानो उताणा निजवून सैल खुंट्यांच्या मुळाशी पातळ, झटपट चिकटणारा गोंद जिरवला. हा उपाय कायमचा मानता येत नाही, पण सोळा महिन्यांत त्या चाळीसपैकी तीनच खुंट्या पुन्हा सरकल्या आहेत. त्याहून मोठा प्रश्न सुराच्या उंचीचा होता. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी सहा दाबली की तिच्या अर्धा स्वर खालच्या काळी चारचा सूर यायचा. म्हणजे सेकंदाला ४४० ऐवजी सुमारे ४१५ कंपने. अर्धा स्वर चढवायचा म्हणजे प्रत्येक तारेचा ताण जवळपास १२ टक्क्यांनी वाढवायचा, आणि कित्येक वर्षे ढिलाईत राहिलेल्या गंजक्या तारांना ते झेपेलच असे नाही. बरीच चर्चा करून आम्ही ४३५ वर थांबलो. हे माप मनाने ठरवलेले नाही: १८५९ साली फ्रान्सने कायद्याने हेच प्रमाण ठरवले होते, आणि ४४० वर आंतरराष्ट्रीय सहमती १९३९ साली झाली. तीन फेऱ्यांत, मधे दोन-दोन आठवडे सोडून, सूर वर नेला. दुसऱ्या फेरीत खर्जाजवळची एक तार तुटली. तिला ट्यूनरनी नव्या तारेचा तुकडा गाठ मारून जोडला. दोन तारांचे फास एकमेकांत अडकवून आवळलेली ती गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी आहे, आणि तिने एका वर्षात सूर सोडलेला नाही.

४३५ वर राहण्याची किंमत मोजावी लागते. मुलीला ध्वनिमुद्रित साथीबरोबर वाजवता येत नाही, माझी पेटी त्याच्याशी जुळत नाही, आणि कोणी बासरी घेऊन आले की वीस सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक कानाला बोचतो. ज्यांना इतर वाद्यांबरोबर नियमित वाजवायचे आहे, त्यांनी ४४० सोसणाराच पियानो शोधावा.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मधल्या सप्तकाचा नाद उबदार आणि गोलसर आहे. जड हाताने वाजवले तरी तो कर्कश होत नाही, आणि हलक्या हाताला जो फरक पडतो तो कीबोर्डवर मुलीने कधी अनुभवलेला नव्हता. तिच्या डाव्या हाताची ताकद सहा महिन्यांत वाढलेली मला दिसली. तारसप्तकाच्या टोकाला मात्र सुरापेक्षा लाकडाची टकटकच अधिक ऐकू येते. दुसरी उणीव रचनेतली आहे: जुन्या इंग्लिश धाटणीचे डँपर, म्हणजे पट्टी सोडल्यावर तार गप्प करणारे दाबे, हातोड्यांच्या वर, तारेच्या टोकाजवळ असतात आणि त्यांच्या उभ्या तारांचा पिंजरा समोर दिसतो. टोकाजवळ दाबल्यामुळे तार चटकन गप्प होत नाही आणि पट्टी सोडल्यावरही सूर थोडा रेंगाळतो. संथ रचनांत ते कानाला गोड लागते, जलद रचनांत गोंधळ होतो. शिवाय त्या पिंजऱ्यामुळे जुळवण्याचे कामही वेळखाऊ होते. पुन्हा कधी घ्यायची वेळ आली तर मी हातोड्यांच्या खाली डँपर असलेलाच पियानो घेईन.

पेटीवाल्याच्या कानाने एक निरीक्षण नोंदवतो. पियानोतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, कारण बाराही स्वरांत सारखे अंतर ठेवलेले असते. पेटीतही तेच आहे, पण पियानोचा सूर जास्त वेळ टिकतो आणि हा चढेपणा अधिक उघडा पडतो. म्हणून भजनाला मी पियानो वापरत नाही.

आता सोलापूरच्या हवेकडे वळतो, कारण या सोळा महिन्यांत मी सर्वाधिक शिकलो ते तिच्याकडून. पियानोला ४० ते ५० टक्क्यांदरम्यानची स्थिर आर्द्रता मानवते. आमच्या खोलीतल्या आर्द्रतामापकाने मे महिन्यातल्या दुपारी १९ आणि ऑगस्टमध्ये ७४ दाखवले. हवा कोरडी झाली की तबली आकसते, तिची फुगीर कमान बसते, घोडीचा तारांवरचा दाब कमी होतो आणि सूर उतरतो. पावसाळ्यात नेमके उलटे घडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पांढरी सहा ४३५ वरून ४३२ वर आली, आणि ऑगस्टमध्ये ४३६ च्या पुढे गेली. खर्ज त्या मानाने फारसा हलला नाही, त्यामुळे मधले सप्तक आणि खर्ज यांचे आपसात पटेनासे झाले, आणि कानाला खरा त्रास त्याचाच झाला.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नेहमीप्रमाणे कूलर लावला. कूलर चालू असताना तासाभरात आर्द्रता २० वरून ६५ वर जायची आणि वीज गेली की पुन्हा खाली यायची. नुसत्या कोरडेपणापेक्षा ही रोजची चढउतार वाद्याला जास्त घातक ठरली; गोंद भरलेल्या ज्या तीन खुंट्या सरकल्या, त्या याच पंधरवड्यात. तेव्हापासून कूलर दुसऱ्या खोलीत हलवला, पियानो पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावला, आणि खालच्या फळीमागे पाण्याच्या दोन रुंद तोंडाच्या बरण्या स्पंज घालून ठेवल्या. दर तीन दिवसांनी त्या भराव्या लागतात. एवढ्याने दुपारचा आकडा पियानोच्या पोटात ३५ च्या खाली जाईनासा झाला. पावसाळा सुरू होताच बरण्या काढायच्या, नाहीतर पट्ट्या फुगून अडकतात. आमच्या चार पट्ट्या जुलैत अडकल्याच. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून आत टांगल्या आहेत, नमद्याला टेकू न देता.

हिशेब द्यायचा तर वाद्य १२,०००, वाहतूक ६,५००, ट्यूनरच्या पाच भेटी प्रवासखर्चासह ३४,०००, साहित्य आणि सुतारकाम ११,०००, म्हणजे एकूण ६३,५०० रुपये. नवा अपराइट काही लाखांच्या घरात जातो, त्यामुळे बचत झाली हे खरे. पण आमचे चार महिन्यांचे रविवार या आकड्यात धरलेले नाहीत. ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे, घरी एक खोली स्थिर हवेची ठेवता येते आणि वर्षातून दोनदा ट्यूनर बोलावण्याची तयारी आहे, त्यांना मी खुंट्या तपासून असे वाद्य जरूर घ्यायला सांगेन. परीक्षा सहा महिन्यांवर आली आहे आणि लगेच वाजवायला हवे, अशा कुटुंबांना सांगणार नाही.

सध्या फेब्रुवारी संपत आला आहे आणि मापक दुपारी ३१ दाखवू लागला आहे. बरण्या काल पुन्हा भरल्या. ट्यूनरना यंदा मे महिन्यात बोलावणार नाही, कारण तेव्हा जुळवलेले पहिल्या पावसाबरोबर बिघडते. त्यांना ऑक्टोबरची तारीख दिली आहे. कसरीने खाल्लेल्या सात हातोड्यांची डोकी त्याच वेळी बदलायची आहेत. तोवर मधल्या सप्तकात उतरणाऱ्या एक-दोन तारा किल्लीने मिळवण्याचे काम मुलगीच करते. शेजारची तार नमद्याच्या पाचरीने दाबून, थरथर थांबेपर्यंत ती ऐकत राहते.