कूलरला उघडी खिडकी, एसीला बुजवलेली फट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की विदर्भातल्या गावोगावी एकच विचार चालतो: यंदा जुन्या कूलरचं गवत बदलायचं की एसी घ्यायचा? बिलाआधी घर बघा. कूलरनं आत ढकललेली हवा बाहेर पडायला वाट लागते, आणि एसीचं बिल त्याच वाटेनं वाढतं.

बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर गवताच्या ताट्या नीट भिजलेला कूलर 27-28 अंशांची हवा देतो. पंखा आणि पंप मिळून साधारण 200 वॅट, म्हणजे आठ तासांना 1.6 युनिट. खरं काम पाण्याचं: एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिटएवढी उष्णता ओढून घेतं. म्हणून भर दुपारी मोठा कूलर तासाला 15-20 लिटर सहज पितो. मे महिन्यात विहीर तळाला गेलेल्या गावात हा हिशेब विजेपेक्षा महाग पडतो.

कूलर लावूनही चिकचिक होते, त्याचं कारण बहुधा बंद खिडकी. 18 इंची पंख्याचं तोंड जवळपास पावणेदोन चौरस फुटांचं असतं. समोरच्या भिंतीत निदान तेवढी खिडकी उघडी हवी. मृगाच्या पावसानंतर मात्र खिडकी उघडूनही भागत नाही. हवाच ओली, वाफ होणार कशाची?

दीड टनाचा एसी भर दुपारी 1,200 ते 1,600 वॅट ओढतो. आठ तासांचे 8-10 युनिट धरा. तेही खोली बंद असेल तर. दाराखाली अर्ध्या इंचाची, तीन फूट लांब फट म्हणजे भिंतीत चार बाय चार इंचाचं भोक, ज्यातून लू, म्हणजे बाहेरची गरम हवा, आत येते. फटी शोधायला दारं-खिडक्या लावून एक्झॉस्ट फॅन चालवा आणि अगरबत्ती चौकटीशी, स्विचबोर्डाशी, एसीच्या पाइपाच्या भोकाशी फिरवा. धूर जिथून खोलीकडे ढकलला जातो, तिथं फट आहे. दाराखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी, चौकटीभोवती सिलिकॉन, मोठ्या भोकात फोम. फोमवर ऊन पडत असेल तर वरून गिलावा करा, नाहीतर तो पिवळा पडून भुगा होतो.

कवेलूच्या (कौलारू) घरात एसी नकोच. प्रत्येक कवेलूखाली फट असते, किती बुजवणार? टिनाच्या घरातही आधी फॉल्स सीलिंग, आणि पत्र्याच्या पन्हाळ्या भिंतीला टेकतात तिथली तोंडं बंद. मग एसीचा विचार. स्लॅबची 10 बाय 12 ची खोली असेल तर फटी बुजवणं एका दिवसाचं काम. वरून चुना मारला की स्लॅब कमी तापतो.

दोन्ही एकत्र चालवू नका. कूलरनं भरलेली ओल काढण्यातच एसीची वीज जाते.

आणि ज्या खोलीत चूल किंवा शेगडी पेटते, ती कधीच अशी बंद करू नका. जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.